दहा कोटी डॉलर आणि वर दोन वर्षं

२०१९च्या एप्रिलमध्ये अटलांटा ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाने पंधरवड्याच्या आत दोन तरुण पोरांशी लांबलचक करार केले. २ एप्रिलला एकवीस वर्षांच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनिअरशी आठ वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा, आणि ११ एप्रिलला बावीस वर्षांच्या ओझी अल्बीजशी सात वर्षांसाठी साडेतीन कोटींचा. इतक्या लहान वयात १० कोटींच्या करारावर सही करणारा अकुन्या पहिलाच, म्हणून त्याचे फोटो छापून आले. अल्बीजचा आकडा जाहीर झाल्यावर मात्र बेसबॉल लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी डोक्याला हात लावला. एवढा गुणी पोरगा आणि एवढ्यात विकला गेला?

तेव्हापासून हा हिशेब दरवर्षी नव्याने मांडला जातो आणि दरवर्षी उत्तर वेगळं येतं. २०२३मध्ये अकुन्याने ४१ होमरन मारले, म्हणजे आपल्या षटकारांसारखे फटके, आणि ७३ बेस चोरले, म्हणजे फटका बसायची वाट न बघता पळून पुढचा टप्पा गाठला. एका मोसमात चाळीस आणि सत्तर ही जोडी त्याआधी कुणालाच जमली नव्हती, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड एकमताने झाली. त्या वर्षी त्याचा पगार होता १ कोटी ७० लाख. सगळे म्हणाले, लुटलं बिचाऱ्याला. पुढच्याच वर्षी, २६ मे २०२४ला, पिट्सबर्गमध्ये पहिल्याच डावात तो दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याच्या दिशेने निघाला, मध्येच परत फिरला आणि डावा गुडघा गेला. कुणी धक्का मारला नव्हता, कुणाशी टक्कर झाली नव्हती. २०२१मध्ये उजव्या गुडघ्याचं जे झालं तेच आता डाव्याचं. मग तीच मंडळी म्हणायला लागली, बरं झालं वेळेवर सही केली.

ही दोन्ही मतं मला सारखीच बिनकामाची वाटतात. गुडघा फाटला म्हणून करार चांगला ठरत नाही आणि होमरन बसले म्हणून वाईट ठरत नाही. सही करताना दोघांच्या हातात काय होतं, कोण किती अडलेला होता आणि कुणी कुणाकडून काय काढून घेतलं, एवढंच तपासायचं असतं. त्या मापाने पाहिलं तर अकुन्याच्या करारातले हमीचे १० कोटी मला रास्त वाटतात. लूट आहे ती हमीच्या आठ वर्षांपुढच्या दोन वर्षांत, ज्यांच्याकडे कुणी धड बघितलंच नाही. आणि अल्बीजचा करार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाईट आहे.

आयपीएलवर वाढलेल्या माणसाला हे प्रकरण चटकन कळत नाही, कारण आपल्याला लिलावाची सवय. हातोडा पडला की भाव कळतो, आणि तो भाव फार काळ गोठून राहत नाही. यशस्वी जैस्वालला राजस्थानने २०१९च्या डिसेंबरात २ कोटी ४० लाख रुपयांना घेतला, पुढे ४ कोटींना राखला आणि २०२५च्या मोसमासाठी १८ कोटींना. खेळ वाढला तसा भाव वाढला. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये पहिली सहा वर्षं असा बाजारच नसतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या लीगमध्ये, आलेला मुलगा सहा वर्षं एकाच क्लबचा. पहिली साधारण तीन वर्षं त्याला किमान वेतन मिळतं. २०१९मध्ये ते ५ लाख ५५ हजार डॉलर होतं. त्यानंतरची तीन वर्षं आर्बिट्रेशनची. क्लब एक आकडा सांगतो, खेळाडू एक सांगतो, जमलं नाही तर लवाद दोहोंपैकी एक निवडतो. या काळात पगार चढतो, पण तीस क्लबांनी बोली लावली असती तर जो आला असता त्याच्या जवळपासही जात नाही. सहा वर्षं भरली की मगच खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुणाशीही करार करायला मोकळा. तेव्हा कुठे हातोडा.

ही सहा वर्षं मोजतातही कशी ते पाहण्यासारखं आहे. मोसम साधारण १८५ दिवसांचा, पण १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. ख्रिस ब्रायंटला शिकागो कब्जने २०१५मध्ये १७ एप्रिलला खालच्या लीगमधून वर आणला. त्याचे त्या वर्षीचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी, म्हणून फ्री एजंट व्हायला एक अख्खं वर्ष जास्त. त्याने तक्रार नोंदवली, आणि २०२०मध्ये ती फेटाळली गेली. अकुन्याचंही तसंच. २०१८मध्ये ब्रेव्ह्जने त्याला २५ एप्रिलला वर आणला. मोसमाच्या पहिल्या दिवसापासून तो संघात असता, तर २०२३ संपताच, म्हणजे त्या ४१ होमरन आणि ७३ चोऱ्यांच्या मोसमानंतर लगेच, मोकळा झाला असता. त्या वर्षी त्याच्यावर किती बोली लागली असती याचा विचारही ब्रेव्ह्जच्या मालकांनी करू नये, झोप लागणार नाही.

तर २०१९च्या एप्रिलमध्ये सही करताना अकुन्यासमोर काय होतं? नियमाने तो २०२४पर्यंत क्लबचा होताच. म्हणजे करारातल्या आठ वर्षांपैकी सहा वर्षं तो तशीही विकू शकत नव्हता. ती आधीच गेलेली होती. विकायला त्याच्याकडे होती ती २०२५पासून पुढची वर्षं. हा फरक न करता सगळी आठ वर्षं बाजारभावाने मोजायची आणि मग किती कोटी बुडाले ते सांगायचं, हा हिशेब वाचायला झणझणीत असतो पण खोटा असतो. एखादा खेळाडू संघाला साध्या बदली खेळाडूपेक्षा किती जास्त सामने जिंकून देतो, एका विजयाला बाजारात किती डॉलर पडतात, त्याचा गुणाकार करायचा, ही तिथली नेहमीची रीत. गणित बरोबर असतं, पण तो बाजार त्या मुलाला कधी उघडाच नव्हता.

तुलना करायची तर हुआन सोटोशी करावी. दोघं एकाच वर्षी, २०१८मध्ये आले, एकाच विभागात खेळले. पदार्पणाच्या वर्षाचा किताब अकुन्याने घेतला, सोटो दुसरा. सोटोने कसलाही लांब करार केला नाही, वर्षावर्षाने आर्बिट्रेशन घेत राहिला. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत त्याला अनुक्रमे ८५ लाख, १ कोटी ७१ लाख, २ कोटी ३० लाख आणि ३ कोटी १० लाख मिळाले. बेरीज ७ कोटी ९६ लाख. त्याच चार वर्षांत अकुन्याचे ५० लाख, दीड कोटी, आणि दोनदा १ कोटी ७० लाख. म्हणजे ५ कोटी ४० लाख. फरक अडीच कोटींचा. त्यात अकुन्याचे दोन मोसम गुडघ्यांनी अर्धेमुर्धे खाल्ले, आणि आर्बिट्रेशनमध्ये पुढचा पगार चढतो तो खेळलेल्या सामन्यांवरून. ते धरलं तर फरक आणखी कमी. शिवाय अकुन्याला पहिली दोन वर्षं किमान वेतनाच्या जवळपास दुप्पट, म्हणजे दहा-दहा लाख मिळाले. थोडक्यात, बांधलेल्या सहा वर्षांपुरता हा व्यवहार विम्याचा होता आणि विम्याचा हप्ता फार जबर नव्हता. त्यापुढची दोन मोकळी वर्षं, २०२५ आणि २०२६, त्याने प्रत्येकी १ कोटी ७० लाखांना दिली. स्वस्त दिली. पण एकवीस वर्षांच्या मुलाने अख्ख्या घराण्याची ददात मिटवण्यासाठी दोन वर्षं स्वस्तात दिली, तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

त्याचं घर कसलं होतं तेही पाहायला हवं. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावरचं ला ग्वायरा. वडील बेसबॉलच खेळायचे, अमेरिकेतल्या खालच्या लीगमध्ये बरीच वर्षं काढली, पण मेजर लीगचं दार त्यांना उघडलं नाही. म्हणजे गुणवत्ता असूनही माणूस कुठे अडकतो याचं उदाहरण जेवणाच्या टेबलावर रोज समोर बसलेलं. अकुन्याने २०१४मध्ये ब्रेव्ह्जशी पहिली सही केली ती १ लाख डॉलरवर. सोटोला २०१५मध्ये सोळाव्या वर्षी १५ लाख मिळाले होते. आणि २०१८च्या मे महिन्यात, वर येऊन महिना झाला होता, तेव्हा बॉस्टनमध्ये पहिल्या बेसवर पाय चमत्कारिक पडून अकुन्या जमिनीवर कोसळला होता. डावा गुडघा, तोच. तेव्हा अस्थिबंध नुसता ताणला गेला, महिनाभर बाहेर बसून निभावलं. पण सही करताना ते दहा महिन्यांपूर्वीचं होतं, आणि गुडघ्याची आठवण विसरायला दहा महिने पुरत नाहीत.

उलट सोटोकडे बघा. २०२२च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याच्यापुढे पंधरा वर्षांचे ४४ कोटी ठेवले आणि त्याने ते नाकारले. काय छाती आहे पोराची, असं तेव्हा सगळे म्हणाले. छाती होतीच. पण तोवर आर्बिट्रेशनच्या दोन वर्षांतले अडीच कोटी त्याच्या नावावर लागले होते. ४४ कोटींना नको म्हणता येतं ते मागे अडीच कोटी असताना. नॅशनल्सने त्याला सॅन दिएगोला धाडला, तिथून तो न्यूयॉर्क यँकीजकडे गेला आणि २०२४च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्याच मेट्सशी पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाखांवर सही केली. सही करताना वय सव्वीस. वर्षाला सरासरी ५ कोटी १० लाख; अकुन्याच्या तिप्पट. धाडसाला फळ मिळतं असा धडा यातून काढणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की धाडसाचा खर्च सगळ्यांना सारखा येत नाही.

आता त्या दोन वर्षांकडे येतो.

अकुन्याच्या करारात आठ वर्षांच्या पुढे २०२७ आणि २०२८ ही दोन वर्षं आहेत. ती त्याची नाहीत, क्लबची आहेत. क्लबला वाटलं तर प्रत्येकी १ कोटी ७० लाख देऊन ठेवायचा, नाही वाटलं तर ठरलेले १ कोटी हातावर ठेवून नमस्कार करायचा. हे १ कोटी हमीच्या १० कोटींतच मोजलेले आहेत. दोन्ही वर्षं वापरली तर दहा वर्षांचे एकूण १२ कोटी ४० लाख. अकुन्याला या दोन वर्षांबद्दल बोलायचा अधिकार काहीच नाही.

वरुड-मोर्शीकडे संत्र्याची बाग बहारावरच व्यापाऱ्याला देतात, तसा हा सौदा आहे असं म्हणता येईल. फळ अजून लिंबाएवढं, पुढे गारपीट होईल की भाव चढेल कुणालाच माहीत नाही. बागवान इसार घेतो, मोकळा होतो, घरातलं लग्न उरकतो. गारा पडल्या तर व्यापारी बुडाला, भाव चढला तर व्यापाऱ्याचा फायदा. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. पण तोच व्यापारी म्हणाला, की पुढचे दोन बहारही याच भावाने उचलायचा हक्क माझ्याकडे राहील, झाडं वठली तर मात्र मी येणार नाही, तर कुठला बागवान अंगठा देईल? बेसबॉलमध्ये देतात, आणि सर्रास देतात. कारण तिथे व्यापारी एकच असतो आणि दुसऱ्याला बाग दाखवायलाच बंदी असते.

जोखीम विकत घेणं वेगळं आणि बिनजोखमीचा नफा वर मागून घेणं वेगळं. हमीच्या आठ वर्षांत क्लबने खरोखर जोखीम उचलली. गुडघे दोनदा गेले तरी दर पंधरवड्याला पगार येतच राहिला. त्या जोखमीचा मोबदला म्हणून दोन मोकळी वर्षं स्वस्तात मिळाली, ठीक. २०२७-२८मध्ये क्लबची जोखीम काय? १ कोटी देऊन बाजूला होण्याची. आणि खेळाडूची? त्या दोन वर्षांचा पगार गेला एवढंच नाही. अकुन्याचा जन्म १९९७च्या डिसेंबरचा. दोन्ही वर्षं वापरली गेली तर तो बाजारात येईल एकतिसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर. ज्याचा खेळ पायांवर उभा आहे आणि ज्याचे दोन्ही गुडघे उघडून शिवलेले आहेत, त्याला एकतिसाव्या वर्षी पंधरा वर्षांचा करार कोण देणार आहे? सव्वीसाव्या वर्षी दिला असता. त्या पर्यायांनी त्याची दोन वर्षं घेतली आणि त्याबरोबर आयुष्यातला एकमेव मोठा लिलाव घेतला.

मघाशी मीच म्हणालो की पश्चातबुद्धीने मोजू नये, तर सहीच्या दिवशीचाच भाव काढू. २०१९च्या फेब्रुवारीत मॅनी मचाडोला सॅन दिएगोने दहा वर्षांचे ३० कोटी दिले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्राइस हार्परचं फिलाडेल्फियाशी जमलं, तेरा वर्षांचे ३३ कोटी. दोघंही सव्वीस वर्षांचे. म्हणजे सव्वीस वर्षांच्या पहिल्या प्रतीच्या फलंदाजाला वर्षाला अडीच ते तीन कोटी पडतात, हे अकुन्याने पेन हातात घेण्याआधी महिनाभर सगळ्या जगाला दिसत होतं. आणि तो भाव पुढच्या आठ-नऊ वर्षांत खाली येईल असं तेव्हा कुणालाही वाटत नव्हतं.

आणि सगळंच बिघडलं असतं तर? त्याचाही नमुना आहे. कोडी बेलिंजर, २०१९चा सर्वोत्तम खेळाडू. खांदा दुखावला, २०२१मध्ये फलंदाजीची सरासरी .१६५वर आली, म्हणजे शंभरात जेमतेम सोळा वेळा फटका लागू पडला, आणि २०२२च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला चक्क सोडून दिलं. मोडलेला, ओवाळून टाकलेला. त्याला शिकागोने पुढच्या एका वर्षासाठी हमी दिली १ कोटी ७५ लाखांची. अकुन्याच्या पर्यायी वर्षांचा भाव, जो त्याच्या या करारातला सर्वोच्च पगार आहे, तो बेलिंजरच्या तळाच्या भावाएवढाही नाही.

क्लबांच्या बाजूने जे बोललं जातं ते मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. ह्यूस्टन ॲस्ट्रोजने २०१४मध्ये जॉन सिंगलटनला मेजर लीगचा एकही सामना न खेळता पाच वर्षांचे १ कोटी दिले. असा करार पहिलाच होता, आणि स्वस्तात विकला गेला म्हणून काही खेळाडूंनीच नाकं मुरडली. त्या वर्षी त्याची सरासरी .१६८ आली आणि पुढे बरीच वर्षं त्याचं काही जमलं नाही. ते १ कोटी नसते तर त्याच्या वाट्याला काय आलं असतं ते सांगायची गरज नाही. टँपा बे रेजने २०२१मध्ये वीस वर्षांच्या वॉन्डर फ्रँकोला सत्तर सामने बघून अकरा वर्षांचे १८ कोटी २० लाख कबूल केले. अल्पवयीन मुलीसंबंधीच्या आरोपांची चौकशी सुरू झाल्यावर, २०२३च्या ऑगस्टनंतर तो त्यांच्यासाठी मैदानात उतरलेलाच नाही. म्हणजे क्लबांचे पैसे बुडत नाहीत असं कुणी म्हणू नये.

पण बुडण्याबुडण्यात फरक असतो. सिंगलटनच्या १ कोटीनंतर तीनच वर्षांनी ॲस्ट्रोज वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकले. क्लब असे दहा करार करतो, दोन फसतात, तीन-चार जेमतेम निघतात, एक अकुन्या निघतो आणि सगळ्यांचं भरून काढतो. विमा कंपनीही असंच चालवते. पोराकडे मात्र एकच करार असतो, एकच जोडी गुडघे असते. ब्रेव्ह्जचं तर बोलायलाच नको. ही कंपनी शेअर बाजारात आहे, तिचे ताळेबंद कुणालाही वाचता येतात. वर्षाचं उत्पन्न ६० कोटी डॉलरच्या वर आहे, आणि स्टेडियमशेजारी दुकानं-हॉटेलं-कचेऱ्यांचं आख्खं गाव वसवून त्यातून भाडं येतं ते त्यातच. अल्फारेटा, कमिंग या अटलांटाच्या उपनगरांतल्या आपल्या मराठी घरांतही अकुन्याच्या तेरा नंबरच्या जर्सी दिसतात. त्या विक्रीतला मोठा वाटा कुणाचा, हे तेरा नंबरवाल्याला चांगलं माहीत असेल.

छोट्या गावांच्या क्लबांना असे करार नसतील तर तारे राखताच येणार नाहीत, हाही एक मुद्दा. टँपा, मिलवॉकी यांच्यापुरता मान्य. तिथल्या प्रेक्षकाला एखादा खेळाडू दहा वर्षं आपला म्हणता यावा यात मलाही गंमत वाटते. तेवढ्यासाठी काहीतरी सवलत असावी. पण अटलांटा काही टँपा नाही. आणि ब्रेव्ह्जनेच २०२२मध्ये ऑस्टिन रायलीला दहा वर्षांचे २१ कोटी २० लाख दिले. रायली उत्तम खेळाडू आहे, पण अकुन्याच्या तोडीचा नाही. फरक एवढाच की रायली आर्बिट्रेशनची पायरी चढल्यावर टेबलावर बसला आणि अकुन्या त्याआधी बसला. एकाच डगआउटमध्ये, एकाच बाकावर, वर्षाला सरासरी २ कोटींच्या वर आणि वर्षाला १ कोटी ७० लाख. आणि कमी पगार सर्वोत्तम खेळाडूला.

तीन वर्षं थांबल्याने एवढा फरक पडतो, तर पोरं थांबत का नाहीत? कारण तिथवर पोचायला लागणारे पैसे नसतात. फर्नांडो टाटिस ज्युनिअरची गोष्ट याबाबतीत सगळ्यांत बोलकी आहे. वडील अकरा मोसम मेजर लीग खेळलेले. १९९९मध्ये एकाच डावात दोन ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असतानाचे होमरन, मारून त्यांनी नाव काढलं होतं. तरी या मुलाने २०१७मध्ये, खालच्या लीगमध्ये असताना, बिग लीग ॲडव्हान्स नावाच्या कंपनीकडून रोख रक्कम उचलली आणि बदल्यात पुढच्या मेजर लीगच्या कमाईतला ठरावीक हिस्सा लिहून दिला. मेजर लीगला पोचलास तर हिस्सा दे, नाही पोचलास तर काही देऊ नकोस. २०२१च्या फेब्रुवारीत सॅन दिएगोने त्याला चौदा वर्षांचे ३४ कोटी दिले आणि त्या जुन्या कागदाची किंमत एका रात्रीत कोट्यवधींची झाली. २०२५मध्ये त्याने त्या कंपनीवर दावा लावला. दाव्याचं काय व्हायचं ते होवो. मला त्यात दिसतं ते हे, की ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून भविष्य फार स्वस्तात मिळतं, आणि ते विकत घेणाऱ्यांचा स्वतंत्र धंदा उभा राहावा इतकं स्वस्तात.

टाटिसचा ३४ कोटींचा करार मात्र मी चांगला म्हणेन, आणि त्याच्या खेळाशी याचा संबंध नाही. सही झाली तेव्हा तो जेमतेम १४३ सामने खेळला होता. पुढे मोटारसायकलवरून पडून मनगट मोडलं, २०२२मध्ये उत्तेजक सापडून ८० सामन्यांची बंदी आली, तेव्हा सॅन दिएगोला वेड्यात काढणारे पुष्कळ भेटले. पण आकडे बघा. २०२४पर्यंतची चार वर्षं बांधलेली होती, ती त्याने थोडक्यात दिली: १० लाख, ५० लाख, ७० लाख, १ कोटी १० लाख. २०२५ ते २०३४ ही दहा मोकळी वर्षं मात्र ३० कोटी ६० लाखांना विकली, म्हणजे वर्षाला ३ कोटींहून जास्त; उरलेले १ कोटी सहीचा बोनस. क्लबला एकही पर्याय नाही, दुसऱ्या संघाला मनाला येईल तसं देता येणार नाही. बांधलेली वर्षं स्वस्त, मोकळी वर्षं बाजारभावाने. विम्याचा व्यवहार असाच दिसायला हवा.

या सहा वर्षांच्या बेडीचा इतिहासही सरळ नाही. १९७५पर्यंत अमेरिकन बेसबॉलमध्ये खेळाडू जन्मभर क्लबचाच असायचा. करार संपला तरी क्लब तो आपोआप वाढवू शकायचा. कर्ट फ्लड त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२मध्ये हरला. १९७५च्या डिसेंबरात अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात पीटर सायट्झ या लवादाने कलमाचा अर्थ असा लावला की क्लबला एकच वर्ष वाढवता येईल, त्यापुढे खेळाडू मोकळा. एका निकालाने सगळेच सुटले असते. ते नको होतं खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख मार्व्हिन मिलर यालाच. सगळे एकदम बाजारात आले तर भाव पडेल, दरवर्षी थोडेच मोकळे व्हावेत म्हणजे बोली चढेल, हे त्याचं गणित. सहा वर्षांवर तडजोड झाली. ज्येष्ठांचे पगार आकाशाला भिडले ते या गणितामुळे, आणि तेव्हापासून त्याची किंमत एकवीस-बावीस वर्षांची पोरं चुकती करतात. संघटनेत मतं ज्येष्ठांची जास्त वजनदार, हे वेगळं सांगायला नकोच.

मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ला संपतो. पगारावर कमाल मर्यादा घालायची की नाही यावरच सगळा धुरळा उडणार हे दिसतंच आहे. वयावरून मोकळं करायची सूचना मालकांनी २०२१मध्ये केली होती खरी, पण वय ठेवलं साडेएकोणतीस. अकुन्या चालू नियमानेच सव्वीसाव्या वर्षी सुटला असता, त्यामुळे हे औदार्य कुणासाठी होतं ते कळत नाही. मला विचाराल तर सहा वर्षांचा हट्ट तूर्त बाजूला राहू द्या. ज्या खेळाडूची तीन वर्षंही भरलेली नाहीत त्याच्या करारात क्लबचा एकतर्फी पर्याय ठेवायला बंदी घाला, एवढं एक कलम पुरे. हमी द्यायची तेवढी द्या, दहा वर्षांची द्या, स्वस्तात द्या. मुलगा त्याला हवं असेल तर घेईल. पण जी वर्षं हवी असतील त्यांचे पैसे कबूल करा. किंवा पर्याय दोघांच्या संमतीचा ठेवा. यावर क्लब म्हणतील की मग हमीची रक्कम कमी होईल. थोडी होईलही. ती किती होते यावरून त्या पर्यायांची खरी किंमत पहिल्यांदाच उघड होईल, आणि पोराच्या एजंटाला निदान ती आकड्यात दिसेल.

अल्बीजच्या बाबतीत ती आत्ताच दिसते. कुरासाओचा हा पोरगा सही करण्याआधी एकदा ऑल-स्टार, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंपैकी एक, होऊन गेला होता, नंतर आणखी दोनदा झाला. २०२३मध्ये ३३ होमरन आणि १०९ धावा फलकावर लावल्या तेव्हा त्याचा पगार ७० लाख. २०२२मध्ये पाय मोडला, परत आल्या-आल्या करंगळी मोडली, २०२४मध्ये मनगट; विमा त्याला लागलाच नाही असं नाही. पण सात वर्षांचे साडेतीन कोटी, आणि वर क्लबचे दोन पर्याय प्रत्येकी ७० लाखांचे. सगळं धरून नऊ वर्षांचे साडेचार कोटी. सोटोला मेट्सकडून एका वर्षाला पडतात त्याहून कमी. २०२६चा पर्याय सोडला असता तर क्लबला ४० लाख द्यावेच लागले असते, म्हणजे ठेवून घ्यायचा जादा खर्च ३० लाख. ब्रेव्ह्जने अर्थातच ठेवून घेतला. २०२७साठीही ७० लाखच आहेत, आणि तेव्हा नको वाटला तर त्याला एक डॉलरही द्यायचा नाही.